बांधावरून लावलेला भाव

माझ्या पोराला माझ्या गावच्या जाणत्या माणसांनी फसवलं. त्यांनी त्याचं काही चोरलं नाही, त्याच्याविषयी एक शब्दही खोटा बोलले नाहीत. तरी फसवलं. आणि फसवणाऱ्यांत सगळ्यात पुढं माझा चुलतभाऊ होता, ज्याला मी आयुष्यभर दादा म्हणत आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सौदा सोडला तर मला गोल गोल बोलता येत नाही.

सौदा हाच माझा धंदा. घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थाकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. वाटणीत दादाच्या वडलांकडं काळी जमीन गेली, आमच्या वाट्याला मुरमाड बरड आली. म्हणून शाळा सुटली आणि मी मोसंबी तोडणाऱ्यांच्या टोळीत गेलो. फळ तोडता तोडता फळ ओळखायला शिकलो. पुढं दुसऱ्यांसाठी बागा बघायला लागलो, आणि मग स्वतःच उक्त्या बागा घ्यायला लागलो. उक्ती म्हणजे झाडावर फळ असतानाच सगळ्या बागेचा मिळून एक भाव ठरवायचा. काटा नाही, वजन नाही. नजर आणि तोंड, एवढ्यावर खेळ. माझं तोंड तिखट आहे, हे जालन्याच्या मार्केटात कुणालाही विचारा. रागाच्या भरात मी चालू सौदे मोडलेत, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तेच सौदे जास्त चांगले केलेत.

या धंद्यात घेणाऱ्याचा एक डाव असतो. बागेत शिरायचंच नाही. बांधावर उभं राहायचं. रस्त्याच्या कडेच्या झाडांनी धूळ खाल्लेली असते, त्यांच्यावर मंगू आधी येतो. मंगूनं फळाची साल तपकिरी, खरबरीत होते. आतला रस तसाच गोड असतो, पण बाजार साल बघतो. तसलं एक फळ तोडायचं, मालकाच्या तळहातावर ठेवायचं आणि तोंड वाकडं करून त्या फळाच्या हिशेबानं सगळ्या बागेला भाव सांगायचा. मी हे आयुष्यभर केलं आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण मालकालाही डाव ठाऊक असतो. तो चिडतो, माझ्या आईबापाची चौकशी करतो आणि हात धरून मला आत ओढत नेतो. आत गेल्यावर खरं बोलणं सुरू होतं. मालक आत नेतो, यावर सगळा धंदा उभा आहे.

आता फाट्यावरच्या पोरांचं सांगतो.

आमच्या फाट्यावर सहा-सात पोरांचं एक टोळकं उभं असायचं. कुणाचे केस सोनेरी, कुणाचे लाल. एका कानात बाळी. गाड्यांचे सायलेन्सर असे बदललेले, की शेजारच्या शेतातलं जनावर दावं तोडायचं. दिवसभर मोबाइल समोर धरून रील बनवायचे, चालायचे ते पण कॅमेऱ्यासाठी चालायचे. मला ती पोरं कधीच आवडली नाहीत. एकदा माझा मोसंबीचा टेम्पो त्यांच्या आडव्या लावलेल्या गाड्यांपुढं अडकला. मी खाली उतरून जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. माझं बोलून झाल्यावर सोनेरी केसाचा शांतपणे म्हणाला, "काका, एवढा मोसंबीचा धंदा तुमचा. एखादा ग्लास रस तुम्ही पण पेत जा, डोकं थंड राहील." सगळा फाटा हसला. टेम्पोचा ड्रायव्हरही हसला, माझ्या पगारावर असून.

मग त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस आला. भर रस्त्यात गाडीच्या सीटवर केक ठेवून तो तलवारीनं कापला. जांबला दर्शनाला चाललेली माणसं गाड्या थांबवून बघत राहिली. ती रील जिल्हाभर फिरली. पोलिस आले, तलवार गेली, पोरांना एक दिवस ठाण्यात बसवून सोडून दिलं. टोळक्यापुरतं ते तिथंच संपलं. पुढं ती पोरं सुतासारखी सरळ झाली असं नाही, पण तलवार काही परत दिसली नाही.

गावाचं मात्र तिथून सुरू झालं. मारुतीच्या पारावर सकाळ-संध्याकाळ एकच विषय. ही पिढीच बाद निघाली. ह्यांना काम नको, माती नको, आईबाप नको. दादा हे सगळ्यात चांगलं सांगायचा. त्याचा आवाज भारदस्त आहे, दोनदा सरपंच होता, गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. कुणाचीही पोरं असोत, बोलताना तो "आजकालची पोरं" म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं सोनेरी केस यायचे.

मी पारावर फार बसणारा माणूस नाही. पण एकदा मी त्यांना म्हणालो, बाकीची पोरं कुठं आहेत ते तरी बघा. पहाट फटफटायच्या आत आमच्या गावातून मोटारसायकली निघतात, जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांत पाळीवर पोचायला. त्या पोरांच्या शर्टांना ठिणग्यांची भोकं असतात. मुलींचा टेम्पो बियाण्याच्या प्लांटला जातो. एक जण ॲम्ब्युलन्स चालवतो. दोघं जण दुधाचं बघतात. ही पोरं फाट्यावर दिसत नाहीत, कारण त्यांना फाट्यावर उभं राहायला वेळ नाही. जो रिकामा आहे तोच दिसतो. एवढी साधी गोष्ट. दादा हसून म्हणाला, "तू यापारी माणूस, तुला कुणाचीबी बाजू घेता येती." पार हसला आणि विषय गुरांच्या बाजाराकडं गेला.

माझा मुलगा न दिसणाऱ्यांतला. शेतकी पदवी घेतली आणि घरी परत आला. मी त्याला म्हणालो होतो, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांची ऑफिसं पडलीत, एखादीत बस, पंख्याखाली काम आहे. तो म्हणाला, बाग बघतो. मी बागा विकत घेणारा माणूस. बाग वाढवायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं. त्या बरडावर त्यानं मोसंबी लावली. गावानं वेड्यात काढलं. झाडं हाताशी यायला लागली आणि पाण्यानं दगा दिला. आसपासच्या जुन्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या. यानं उसाच्या शेतांतून पाचट आणून प्रत्येक झाडाच्या बुडाशी अंथरलं, अर्ध्या फांद्या छाटल्या, टँकरचं पाणी थेंबाथेंबानं दिलं. त्या उन्हाळ्यात त्याच्या हाताच्या कातड्याचा रंग आणि झाडाच्या सालीचा रंग सारखाच झाला होता. बाग वाचली. त्यानं त्याचा फोटो कुठं टाकला नाही. मीच एकदा म्हणालो, टाक की, लोकांना कळू दे. तर म्हणाला, "झाडाला पाणी देतानाचा काय फोटो काढायचा, आबा." मला वाटतं, तेव्हा त्यानं फोटो टाकला असता तर बरं झालं असतं.

लग्नाचं वय झालं. आमच्याकडं शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे मी सांगायला नको. मेव्हण्यानं परतूरकडचं एक स्थळ आणलं. मुलगी शिकलेली, गावातल्याच एका औषधाच्या दुकानात कामाला. आम्ही बघायला गेलो. पोहे झाले, चहा झाला, दोघांना अंगणात बोलायला सोडलं. आम्ही आत पावसापाण्याचं बोलत बसलो, पण माझं लक्ष अंगणाकडं होतं. मुलगी त्याला विचारत होती, झाडाला ताण देतात म्हणजे काय करतात. आणि माझं ते घुमं पोरगं बोलत होतं. बहर धरण्यासाठी पाणी कसं तोडायचं, झाड कधी पुरे म्हणतं ते पानावरून कसं ओळखायचं, सगळं सांगत होतं. मुलगी हसली आणि म्हणाली, "म्हंजे उपाशी ठेवून फुलवायचं." तोही हसला. परत येताना गाडीत त्यानं कधी नव्हे ते गाणं लावलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघं काही बोललो नाही, दृष्ट लागू नये म्हणून.

मुलीकडून दोन दिवसांत होकार आला. मुलीनं स्वतः सांगितलं होतं, इथंच करायचं. फक्त चौकशी राहिली होती.

चौकशीची आमच्याकडं एक रीत आहे. मुलीची माणसं मुलाच्या गावात न कळवता येतात. घरी जात नाहीत. हॉटेलात चहा घेतात, दाढीच्या दुकानात बसतात, कोण कसा ते काढतात. घरच्यांनी सजवलेलं घर बघण्यापेक्षा हे बरं, असं जुन्या लोकांचं म्हणणं. पण ह्या रीतीत माणूस बसतो कुठं, तर फाट्यावर. आणि भेटतं कोण, तर ज्याला बसायला वेळ आहे तो.

मुलीचे वडील आणि तिचा मामा मोटारसायकलवर आले. फाट्यावरच्या हॉटेलात बसले. समोर टोळकं होतंच. गाड्या फुरफुरत होत्या, कुणीतरी मोबाइलपुढं नाचत होतं. बाकड्यावर दादा आणि पारावरचे आणखी दोघं होते. पुढचं मला हॉटेलवाल्यानं सांगितलं, आणि तो ह्यात कुणाचाच नातलग नाही.

मामानं विचारलं, ह्या गावात पोरगी द्यायची म्हणतो, पोरं कशी आहेत?

दादा म्हणाला, "बघा की समोर. लपवायचं काय त्याच्यात. आजकालच्या पोरांचं आम्ही काय सांगावं, पाव्हणं. आमचं कुणी ऐकत न्हाई. तुम्ही पोरगी देणारे, तुम्ही तुमचं बघा."

दुसरा म्हणाला, सगळीकडंच असं आहे. तिसऱ्यानं तलवारीची गोष्ट सांगितली, मीठमसाला लावून. कोणत्या घरी पोरगी द्यायची आहे, हे पाहुण्यांनी सांगितलं नाही आणि दादानं विचारलं नाही. चहाचे पैसे मात्र दादानं दिले. पाहुण्यांचा मान म्हणून.

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी एका बागेत होतो. तो म्हणाला, पाव्हणे थांबतो म्हणून राह्यले. आमच्याकडं थांबतो म्हणजे नाही. मी बागेचा सौदा तसाच सोडला आणि थेट परतूरला गेलो. न बोलावता दुसऱ्याच्या दारात जायची माझी पहिली वेळ नव्हती, पण हात जोडून जायची पहिली वेळ होती.

मुलीचे वडील सरळ माणूस. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. चढ्या आवाजात नाही, मऊ बोललो. म्हणालो, तुम्ही रस्त्यावरून बघून गेलात. घरी या. बाग बघा. माझ्या पोरासंगं कामाला कोण आहे त्यांना विचारा. दूध डेअरीत विचारा, त्याच्या कॉलेजात विचारा. मी आयुष्यभर बागा घेतल्यात, बांधावरून भाव लावला की माणूस काय गमावतो ते मला कळतं. आत चला, मग नाही म्हणा. मी उठून निघून जाईन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बराबर असंल. पण आम्हाला तिऱ्हाइतानं न्हाई सांगितलं. तुमच्याच गावच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. बागेचा मालकच म्हणून राह्यला की माल खराब, मंग घेणाऱ्यानं आत कशाला जायचं?"

इतक्या वर्षांत माझ्या तोंडचं उत्तर कुणी काढून घेतलं नव्हतं. मी तसाच उठलो. आतल्या दाराशी मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी तिच्या बापाला जिंकीन म्हणून ती वाट बघत होती, असं मला वाटलं. अजून वाटतं.

परत आलो तो सरळ दादाच्या अंगणात. मी ओरडलो, हे कबूल करतो. शेजारची माणसं दारात आली. दादा शांत होता. म्हणाला, "मी तुझ्या पोराचं नाव घेतलं का? सांग. नाव घेतलं असंल तर पायातली काढून मार."

मी म्हणालो, "नाव घेतलं असतं तर तुला चांगलंच बोलावं लागलं असतं, दादा. नाव न घेता मारलंस म्हणून तो मेला."

तो म्हणाला, अरे पण मी जे दिसतं ते बोललो. खोटं काय बोललो?

वहिनी आतून आली आणि म्हणाली, भावजी, चहा घ्या. मी चहा घेतला नाही. तिथून पुढं त्या घरचा चहा घेतलेला नाही.

पोराला सांगायचं काम बायकोनं केलं. मला जमलं नसतं. तो बागेतून आला होता, पाय धूत होता. ऐकून घेतलं, टॉवेलनं पाय पुसले. मग एवढंच विचारलं, "आबा, मी कधी फाट्यावर उभा राह्यलो का?" मी म्हणालो, न्हाई. "मंग त्यांनी मला बघितलं कुठं?" तो भांडला नाही. भांडला असता तर मी ओळखलं असतं की हा माझा आहे, आणि काहीतरी केलं असतं. शांत माणसाला कसं धरायचं, हे मला कधी कळलं नाही.

मुलीचं पुढं दुसरीकडं जमलं. आम्हाला मेव्हण्याकडून कळलं. त्या बहराची फळं उतरवून झाली आणि पोरानं बॅग भरली. नाशिककडं एका द्राक्षाच्या कंपनीत लागला, दुसऱ्यांच्या बागा बघायला. जाताना मला बागेत घेऊन गेला. कोणत्या झाडाला पाणी कमी लागतं, कोणता व्हॉल्व्ह घट्ट आहे, सगळं दाखवलं. मी बघत होतो त्याच्या तोंडाकडं. त्यामुळं त्यातलं निम्मं मला आठवत नाही, आणि यंदा बाग तशी आलेली नाही. फोन येतो. जेवलात का विचारतो, पाऊस विचारतो. गावाचं विचारत नाही. लग्नाचं काढलं की रेंज गेली म्हणतो.

तो एकटा गेला असता तर मी हे लिहिलं नसतं. ॲम्ब्युलन्सवाला संभाजीनगरला गेला. दुधाच्या दोघांतला एक गेला. कारखान्यात जाणारी काही पोरं आता जालन्यातच खोल्या करून राहतात. सगळे माझ्या पोराच्या कारणानं गेले असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात रोज कान किटेपर्यंत ऐकायचं की तुम्ही बाद आहात, त्या गावात थांबायला माणसाला काहीतरी लागतं, आणि ते त्यांना आम्ही दिलं नाही. टोळकं मात्र अजून आहे. केसांचे रंग बदलले, माणसं तीच. त्यांचं काहीच बिघडलं नाही, कारण त्यांना गावाच्या शब्दाची गरज कधी नव्हतीच.

मागच्या महिन्यात सप्ताहाच्या तयारीची बैठक झाली. आमच्या गावात काल्याच्या दिवशी सगळ्या शिवाराची पंगत असते, आणि वाढायचं काम तरण्या पोरांचं. भाताची पातेली उचलायची, वरणाच्या बादल्या घेऊन पळायचं, म्हाताऱ्यांनी नको म्हटलं तरी पानावर बुंदी टाकायची. पोरगा पहिल्यांदा वाढायला लागला की तो गावाच्या हिशेबात माणूस झाला असं धरतात. यंदा वाढायला हात पुरत नव्हते. कुणी म्हणालं, शहरातून केटरिंगवाले आणू. दादा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, बघा, हीच ती पिढी. गावाच्या पंगतीला सुद्धा येत न्हाई.

माना हलल्या. मी कोपऱ्यात बसलो होतो. ह्या वेळी मला राग आला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. मी उठून विचारलं, "दादा, माझं पोरगं मागच्या सप्ताहात वाढायला होतं का न्हाई? तुझ्या पानावर त्यानंच बुंदी वाढली का न्हाई?" दादा म्हणाला, त्याचं कोण बोलून राह्यलं, मी सगळ्यांचं बोलतो. मी म्हणालो, ह्या सगळ्यांतल्या एकाचं तरी नाव घे. जो बाद आहे त्याचं नाव घे, आणि जो नाही त्याचंही घे. एकेकाचं.

अध्यक्षांनी केटरिंगचा ठराव पुढं घेतला.

तिथं उत्तर मिळालं नाही म्हणून इथं लिहितो. दादा, तू हे वाचशील. तुझा नातू तुला वाचून दाखवील, तोही आता त्या वयाचा झाला. माझ्या पोराचा नंबर तुझ्याकडं आहे. पारावर नको, बैठकीत नको, माझ्यापाशी तर मुळीच नको. त्याला फोन लाव. त्याला त्याच्या नावानं हाक मार आणि सांग, त्या दिवशी पाहुणे समोर बसले असताना, तुला ठाऊक असलेल्या पोरांपैकी एकाचंही नाव तुझ्या तोंडून का निघालं नाही. जवाब त्याला दे. तो ऐकून घेईल, उलटून बोलणार नाही, त्याची तेवढी भीती बाळगू नकोस. पण जवाब दे.